हवालदाराची गिनती

कावळा काही पिंडाला शिवेना.

हवालदार बलभीम यांच्या दहाव्याला सीना नदीच्या काठावर अर्धा गाव लोटला होता. पिंडाशेजारी भाकरी, ठेचा आणि त्यांच्या स्टीलच्या मगात चहा ठेवला होता. बाभळीवर चार कावळे बसून नुसते बघत होते.

बावीस वर्षं फौजेत काढलेला हा माणूस. लेक वैष्णवी जन्मली, पण त्यांनी तिला पाहिलं ते ती आठ महिन्यांची झाल्यावर. रिटायर झाल्यावर मात्र सगळी कसर भरून काढली. लेकीची वेणी घालायला शिकले, तीही बुटाची लेस आवळावी तशी घट्ट. आणि रोज संध्याकाळी सातला घराची गिनती. अंगणात उभं राहून एकेकाचं नाव घ्यायचं आणि त्यानं 'हजर' म्हणायचं. सगळे भरले की मगच ते जेवायला बसत. अशा माणसावर रागवायचं तरी कसं?

दोन वर्षांपूर्वी वैष्णवीला नागपूरला नर्सची नोकरी लागली, तेव्हा ते नाही म्हणाले नाहीत. "गिनतीत एक कमी पडंल," एवढंच बोलले आणि दोन दिवस जेवले नाहीत. ती थांबली. आता पुन्हा तिथूनच पत्र आलं होतं. सोमवारी रुजू व्हायचं होतं. बॅग भरून खाटेखाली सरकवलेली होती, आणि हे फक्त आईला माहीत होतं.

"अप्पा, आईला अंतर देणार न्हाय," थोरला दिग्विजय हात जोडून म्हणाला. कावळे हलले नाहीत.

"माझा घोर करू नका," आई कडूबाई म्हणाली. तरी नाही.

ऊन डोक्यावर आलं. चुलते दगडोबा वैष्णवीकडं वळले. "पोरी, त्याचा जीव तुझ्यात अडकलाय. म्हण, घर सोडून जात न्हाय."

"तात्या, असं कसं म्हणू?"

"बापापरीस मोठं हाय का काय?"

तिचा शब्द ऐकायला लोक आणखी पुढं सरकले. पिंडाभोवती माणसांचं कडं झालं. आईनं मान खाली घातली. वैष्णवीला अप्पांचा राग आला, आणि त्याच क्षणी त्यांची इतकी आठवण आली की तिला रडू आवरेना. हे दोन्ही खरं होतं, पण तिथं कुणाला सांगणार?

"अप्पा, मी कुठं जात न्हाय."

"झालं!" दगडोबा म्हणाले. सगळ्यांनी निःश्वास टाकला आणि उन्हानं भाजलेली मंडळी सावलीला मागं सरली. पिंडाजवळची जागा मोकळी होताच पहिला कावळा खाली उतरला.

"बघ, ऐकलं त्यानं!" बायका डोळे पुसत म्हणाल्या.

वैष्णवी मोकळ्या झालेल्या जागेकडं बघत राहिली. सकाळपासून मागं सरायचं कुणालाच सुचलं नव्हतं. पण आता हे बोलून काय उपयोग होता? शब्द अर्ध्या गावानं ऐकला होता.

संध्याकाळी अंगणात कुणीच उभं नव्हतं. घड्याळात सात वाजले. आईनं सवयीनं दाराकडं पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. आत वैष्णवी खाटेखालची बॅग ओढून एकेक कपडा परत कपाटात ठेवत होती. नाव कुणी घेतलं नव्हतं, तरी तिच्या तोंडून निघून गेलं, "हजर."