विहिरीचे पाणी आणि ब्राउलियाचे पाय

मित्रांनो, मी हौद आहे खरा. पण कपडे धुण्याचा नव्हे, गुरांना पाजण्याचाही नव्हे. मी पोहण्याचा हौद आहे, आणि आता बराच जुना झालो आहे. माझ्या निळ्या फरशा कोपऱ्यांतून सुटल्या आहेत. आरेगुआ गावात, तळ्याकडे उतरणाऱ्या रस्त्यावर, तांबड्या मातीत एस्तानिस्लाओने मला स्वतःच्या हातांनी खणले. तेव्हा त्याची मुले लहान होती. पुढे कित्येक उन्हाळे माझ्यात इतका दंगा चाले, की शेजारी भिंतीवरून ओरडत. मला ते ओरडणे कौतुकासारखे वाटे.

मुले मोठी झाली. एलिहिया दूर एन्कार्नासिओनला शाळेत शिकवू लागली. रुफिनोने शेजारीच घर बांधले. मला वाटले, आपले काम संपले. पण त्याच सुमारास त्यांच्या आईला, ब्राउलियाला, अर्धांगवायूचा झटका आला. जमिनीवर तिचा डावा पाय उचलेना. माझ्यात मात्र तो उचले. ऊन कलले की एस्तानिस्लाओ तिला धरून पायऱ्या उतरवी आणि दोघे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत. माझ्या आयुष्यात मी केलेले सर्वांत मोठे काम हेच.

एस्तानिस्लाओ गेला तो उन्हाळा सरताना. नऊ दिवस घरात प्रार्थना झाली, आलेल्यांना चिपा, म्हणजे चीजचे छोटे पाव, वाटले, आणि एलिहिया शाळेसाठी परत गेली. रुफिनोच्या घरून ब्राउलियाला जेवण येई. माझ्याकडे कोणी येत नसे. आंब्याची पाने माझ्यात पडली, कुजली. मी हिरवा झालो, मग काळपट. बेडूक आले, डास आले.

शाळेला सुटी लागल्यावर एलिहिया परतली. घर आता तिच्या नावावर होते, म्हणजे मीही तिचाच. रुफिनो तेरेरेचा, म्हणजे पानांच्या थंडगार पेयाचा, पेला घेऊन माझ्या काठावर उभा राहिला.

"आरोग्य खात्याची माणसं पुन्हा येऊन गेली. डेंग्यूची साथ आहे, एलिहिया. सोमवारी मातीचा ट्रक बोलावलाय. बुजवून टाकू."

"आणि आई चालेल कुठे?"

"आई चालते कुठे आता?"

एलिहियाने बाह्या वर सारल्या. म्हणाली, "सोमवारपर्यंत पाणी स्वच्छ करून दाखवते."

"दाखव बाई. तुला मास्तरकी येते, हौद येतो का?"

तिला येत नव्हता. पण ती माझ्यात उतरली, अर्धे पाणी उपसले, शेवाळ घासून काढले. हात सोलवटले. मग तिने विहिरीची नळी थेट माझ्यात सोडली. आमच्याकडे विहिरीच्या पाण्याबद्दल कोणी शंका घेत नाही. ज्या पाण्याने तेरेरे भिजतो, ते वाईट कसे असेल? मी काठोकाठ भरलो, काचेसारखा. एलिहिया हसली आणि डब्यातले सगळे क्लोरीन तिने एकदम ओतले.

बघता बघता मी तांबूस झालो, मग आमच्याकडच्या न्याहारीच्या गोड काढ्यासारखा तपकिरी.

"साखर घाल," भिंतीपलीकडून रुफिनो म्हणाला. "सगळ्या गल्लीची न्याहारी होईल."

एलिहिया काठावर बसली आणि रडू लागली. वडील गेल्यापासून मी तिला रडताना पाहिले नव्हते. ओसरीवर खुर्चीत बसलेली ब्राउलिया हळूच म्हणाली, "विहिरीचं पाणी बाबा थेट नव्हते सोडत. आपल्या विहिरीत लोखंड आहे. आधी उघड्या टाकीत उंचावरून पाडायचे. तांबडं खाली बसलं की वरचं घ्यायचे."

"मग आधी नाही का सांगायचं, आई?"

"तू विचारलंस कुठे? आल्यापासून नळ्या बघतेस, डबे बघतेस. माझ्याकडे बघितलंस का?"

एलिहिया उठली. तिने आईची खुर्ची उचलून माझ्या काठाशी आणली. त्यानंतर एकटीने काही केले नाही.

"तुरटी टाक," ब्राउलिया म्हणाली, "आणि पंप बंद ठेव. ढवळायचं नाही. वाट बघायची."

वाट बघणे एलिहियाला सर्वांत जड गेले. लोखंड तळाशी बसल्यावर तिने ते नळीने हळूहळू बाहेर ओढले. तुरटीने मी आंबट झालो होतो; म्हणून सोडा, तोही थोडा थोडा. प्रत्येक वेळी काचेच्या नळीत माझे पाणी घेऊन त्यात आंबटपणा दाखवणाऱ्या औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग आईला दाखवायचा.

"पिवळं आहे अजून. पपईसारखं व्हायला हवं. टरबुजासारखं नको हं, मग फार झालं." मध्येच ब्राउलिया म्हणे, "तुझे बाबा डोळे बारीक करून बघायचे. चष्मा लावायला लाज वाटायची."

क्लोरीन एलिहियाने ऊन उतरल्यावर घातले, कारण आमचे ऊन ते खाऊन टाकते. रविवारी माझा तळ दिसू लागला. फरशांच्या फटीसुद्धा दिसत होत्या. रुफिनो आला, बघत राहिला, आणि ट्रकवाल्याला नको म्हणून कळवले.

संध्याकाळी एलिहियाने आईला पायऱ्यांवरून उतरवले. मी सगळे बळ एकवटून तिला तोलून धरले. पाणी माझ्याकडे हवे तेवढे होते. पण तिचा डावा पाय उचलला गेला नाही. उजवाही गुडघ्यात वाकला. इतके महिने कोणी चालवलेच नव्हते. एलिहियाने पुन्हा धरले, पुन्हा.

"राहू दे गं," ब्राउलिया म्हणाली. "पाणी छान झालंय. बाबांसारखंच."

ती परत कधी चालली नाही. आता रोज ती माझ्या वरच्या पायरीवर कमरेइतक्या पाण्यात बसते. एलिहिया दूरच्या शाळेत परत गेली नाही; ती शेजारी बसून आईचा पाय चोळते.

मित्रांनो, बिघडलेले पाणी सावकाश का होईना, सुधारता येते. पायांतली शक्ती तशी थांबून राहत नाही. घरातले कोणी गेले, तर रडा, प्रार्थना करा. पण ते माणूस रोज संध्याकाळी काय करत होते आणि कोणासाठी, एवढे त्याच आठवड्यात विचारा. मग ते काम कोणीतरी उचला. येत नसले तरी उचला.