उज्ज्वलचा मासा

उज्ज्वलने आमिषाच्या रबरी माशाच्या नाकातल्या बारीक कडीतून दोर ओवायचा पुन्हा प्रयत्न केला. टोक कडीला लागून निसटलं. शेजारी उभा असलेला निशिकांत सिंगापूरच्या लोअर सेलेतार जलाशयाकडे पाहत राहिला, जणू तिकडे काही घडत होतं.

गाठ बसली, तोवर ऊन चांगलंच वर आलं होतं.

"सारंग स्पेनची तिकिटं बघतोय," निशिकांत म्हणाला. "सप्टेंबरात एब्रो नदी. तुझं नाव धरलंय."

"बोटीत तिघांची अडचण होते रे."

"इतक्या वर्षांत कधी झाली?"

उज्ज्वलने गळ फेकला. फेक जवळच पडली.

इथल्याच एका ऑफिसात ओळख झालेले हे तिघे दर वर्षी युरोपातली एखादी मोठी नदी गाठत. ऱ्हाइन झाली, डॅन्यूब झाली. गेल्या वर्षी इटलीत, पो नदीवर, उज्ज्वलच्या गळाला माणसाएवढा कॅटफिश लागला. त्याच्या हातांना कंप सुटायला तेव्हा नुकती सुरुवात झाली होती. पार्किन्सन्सचं निदान व्हायचं होतं. रॉड थरथरताना पाहून निशिकांतने तो त्याच्या हातांतून काढून घेतला आणि मासा बोटीत आणला. सारंगने फोटो काढला. फोटोत निशिकांत माशाला कवटाळून बसला होता. कडेला उज्ज्वल, हात मांडीवर. तोही हसत होता, म्हणून निशिकांतला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

परवा त्याने एब्रोचं ठरवायला फोन केला, तो उज्ज्वलच्या बायकोने, एकताने, उचलला. बोलता बोलता त्या माशाचा विषय निघाला.

"तो उज्ज्वलने पकडला होता?" तिने विचारलं. "मला तर तो काहीच बोलला नाही, भाऊजी. फोटो बघून मला वाटलं, तुम्हीच पकडलात."

तेव्हापासून निशिकांत मनात वाक्यं जुळवत होता. पुंगोलच्या घरून इथे येतानाही जुळवत होता. आता ती सगळी फार मोठी वाटू लागली.

"उज्ज्वल," त्याने सुरुवात केली, "पो नदीवर त्या दिवशी मी..."

"मासा छान होता तो," उज्ज्वल पाण्याकडे बघत म्हणाला.



तेवढ्यात दोर ताणला गेला. रॉड वाकला, रीळ करकरलं. उज्ज्वलची मनगटं जोरात थरथरू लागली. निशिकांतने आपले हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट अडकवले.

मान न वळवता उज्ज्वलने रॉड त्याच्याकडे सरकवला.

"घे."

"तुझा आहे. तूच काढ."

"अरे घे ना, जाईल."

निशिकांतने हात सोडवले नाहीत. रॉड दोघांच्या मध्ये थोडा वेळ थरथरत राहिला, मग सरळ झाला.

उज्ज्वल सावकाश दोर गुंडाळू लागला.

"घ्यायला हवा होतास," तो म्हणाला. "चांगला मोठा होता."