खाऱ्या पाण्यातली मगर

अठ्ठ्याहत्तर साली माझा पलटणीतला जिगरी, भिलवडीचा कृष्णात, अंदमानात गेला. 'मगरीनं नेला' एवढीच तार घरी आली व्हती. साहेब म्हणले, "मानसिंग, सुट्टीवर चाललायस तर त्याच्या आईला भेट." च्या मायला, साहेबाचं काय जातंय सांगायला?

साताऱ्याला माझ्या घरी जायच्या आदी भिलवडी गाठली. त्याची आई शालूबाई म्हशी घिऊन कृष्णेवर निघाली व्हती. मी बी संगं चाललो.

"कसं हाय रं त्ये बेट?" तिनं इचारलं.

मला बरंच वाटलं. "लय भारी, मावशी. सरकारनं राखीव ठेवलंय, मासा धराय बी बंदी. परातीएवढाली कासवं वाळूत अंडी घालाय येत्यात. खेकडं नारळावर चढत्यात. पाण्याखाली पवळ्याचं रान हाय." बोलत सुटलो, मगरीचं मातूर टाळलं.

काठाला आल्यावर शालूबाईनं काठी उचलली आन् फाट फाट पाण्यावर हाणली. पल्याड काठावर पडल्याली येक मगर सरकन पाण्यात शिरून लांब गेली. मग तिनं म्हशी सोडल्या.

अंदमानात कृष्णातनं बी असंच केलं व्हतं. कमरेएवढी खाडी वलांडायची व्हती. जंगलखात्याच्या गार्डनं बजावलेलं, पाण्यात खळबळ करू नका. मी बी म्हणलं, "गड्या, दमानं." त्यो हसला. "मगरी आमच्या कृष्णेत बी हायत. पाणी वाजिवलं की पळत्यात." आन् हाणली काठी. पर ती खाऱ्या पाण्यातली मगर, हितल्या मगरीच्या दुप्पट. पाणी वाजलं की ती पळत न्हाई, शिकार गावली म्हणून येती. आलीच. मी हात धरंपातूर गडी दिसंना झाला.

"मानसिंगा," शालूबाई माझ्याकडं वळली, "खरं सांग. त्यानं काठी मारली व्हती का? ल्हानपणापास्नं मीच शिकिवलंय त्याला. आदी पाणी वाजवायचं, मग पाय टाकायचा."

डोळं माझ्यावर रोखलेलं. व्हय म्हणलं तर ही बाई जगायची न्हाई.

"न्हाई मावशी," मी म्हणलो. "न्हाई मारली. मी सांगितलं व्हतं पाणी वाजीव म्हणून, पर ऐकलं न्हाई त्यानं."

"मुडदा बशिवला तुजा!" ती नदीकडं बघून वरडली. "आईचं कवा ऐकलंस का रं, किस्ना?" आन् मटकन खाली बसून ऊर बडवाय लागली.

आईचा सबूद कवा मोडला न्हाई त्या गड्यानं. आता मेल्यावर शिव्या खातोय. खाऊ दे, म्हणलं, आन् तिच्या म्हशी भाईर काढाय पाण्यात उतरलो.