उजव्या बर्नरचं कुंकू

मला राग लवकर येतो, हे माझ्या माहेरी, माधवनगरला सगळ्यांना माहीत आहे. सासरी मलकापूरला ते कुणाला सांगावं लागलं नाही. त्या गुरुवारी मात्र माझ्या रागाला कारण होतं. उजवा बर्नर धड पेटत नव्हता.

ग्रिल माझं. घरातल्या भांड्यांत मिरवून सांगावं असं माझं म्हणून एवढंच. दोन बर्नरचं, दोघांनी उचलून टेम्पोत टाकावं एवढं, खाली छोटा सिलिंडर. हट्टानं पुण्याहून आणलं आणि हायवेच्या कडेला गाडा लावून त्यावर पनीर, कणसं, चिकन भाजून विकलं. लोक म्हणायचे, घरची सून रस्त्यावर धूर काढत बसते. बसते तर बसते. पावसाळ्यात गाडा बंद असतो, तेव्हा ग्रिल मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये झाकून ठेवते. यंदा दिवाळी झाली आणि कराडच्या एका मंगल कार्यालयाचे मालक दादासो यांनी बोलावून घेतलं. शुक्रवारी साखरपुडा आहे, म्हणाले, तुमचा काउंटर लावून बघू. पाहुण्यांना आवडलं तर या सीझनची सगळी लग्नं तुमची, नाही तर सांगलीचा एक केटरर कधीचा मागं लागलाय. म्हणजे पुढंही धुळीत गाडाच लावायचा, की कार्यालयात मानानं उभं राहायचं, ते शुक्रवारी ठरणार होतं. आणि गुरुवारी दुपारी माझा बर्नर मला वाकुल्या दाखवत होता.

बटण दाबलं की टिक टिक व्हायची. मग बराच वेळ काही नाही. मग भप्पकन जाळ यायचा, तो जाळीखाली नाही, तर पुढं नॉबच्या मागं, जिथं माझी बोटं होती. आत बर्नरवर नुसती पिवळी, काजळी धरणारी ज्योत. त्या ज्योतीवर पनीर धरलं असतं तर पाहुण्यांनी ते डांबर समजून परत पाठवलं असतं.

मी आधी सिलिंडरला शिव्या दिल्या आणि तो बदलून आणला. मग रेग्युलेटरला दिल्या. मग सगळे नॉब बंद करून, सिलिंडर हळूहळू उघडून बघितला, कारण एकदम उघडला तर रेग्युलेटर आपला आपणच गॅस आवळून धरतो. नळीला पीळ पडलाय का बघितलं. साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठंही बुडबुडा नाही. लायटरचा सेल बदलला, ठिणगीची पिन कानसून स्वच्छ केली. जेटच्या भोकात तार घातली. कंपनीच्या फोनवरच्या मुलीनं गोड आवाजात विचारलं की मॅडम, सिलिंडर चालू आहे का, तेव्हा मी तिला जे बोलले ते इथं लिहिता येणार नाही. नंतर वाईट वाटलं. तिचा काय दोष होता.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं आपण म्हणतो. इथं आडात होतं. डावा बर्नर निळाशार पेटत होता. म्हणजे सिलिंडर, रेग्युलेटर, नळी सगळं ठीक, खोट उजव्या बाजूलाच कुठंतरी होती. हे आधीच कळायला हवं होतं, पण रागावलेल्या माणसाला डावं-उजवं कळत नाही.

माझा नवरा साईराज साखर कारखान्यात वजनकाट्यावर असतो. त्या दिवशी सुट्टी होती म्हणून बॅटरी धरून माझ्या शेजारी उभा होता. नेहमी असल्या कामात तो दहा सल्ले देतो. त्या दिवशी एकही देत नव्हता. सासूबाई, बनुबाई, त्यांना मी आत्या म्हणते, त्या शेडच्या उंबऱ्यात शेंगा फोडत बसल्या होत्या. मध्येच म्हणाल्या, एका बर्नरवर भागव की, एवढं काय अडलंय. मी म्हटलं, दीडशे पाहुणे एका बर्नरवर जेवत नाहीत. त्या परत शेंगांकडं वळल्या.

मी त्यांना तोडून बोलले नाही, आणि त्याला कारण होतं दसरा.

दसऱ्याला आमच्याकडं हत्यारं पूजतात. विळा, कुदळ, साईराजची मोटरसायकल, सगळ्यांना हळदीकुंकू आणि झेंडू. माझ्या ग्रिलला कधी कुणी बोट लावलं नव्हतं. आत्यांच्या लेखी ते हत्यार नव्हतं, थेर होतं. यंदा मी दसऱ्याच्या दुपारी शेडमध्ये गेले तर ग्रिलवरचं कापड जरा वर सारलेलं, आणि ग्रिलला हळदीकुंकू. मी तिथंच उभी राहून रडले. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि या घरात माझ्या कामाला पहिल्यांदा कुणीतरी काम म्हटलं होतं. मी फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला: माझ्या सासूबाईंनी माझ्या ग्रिलची पूजा केली. पुढं हात जोडलेले. माहेरच्या सगळ्यांनी बदाम पाठवले. मी तो फोटो आत्यांनाही दाखवला. त्यांनी बघितला, मान हलवली आणि आत गेल्या. मला वाटलं, लाजल्या.

एक गोष्ट तेव्हाही खटकली होती. कुंकू वर झाकणावर नव्हतं. खाली होतं, उजव्या बाजूला, बर्नरची नळी जिथं आत शिरते त्या तोंडाशी. म्हटलं, म्हातारीला दिसत नसेल नीट.

तर त्या गुरुवारी मी पाना घेतला आणि उजवा बर्नर मुळापासून काढला. नळी डोळ्यासमोर धरली आणि साईराजला उजेड दाखवायला सांगितलं. आरपार दिसायला हवं होतं. दिसली माती. नळी आतून लिंपलेली होती, चुलीला पोतेरं द्यावं तशी गुळगुळीत. एका बाजूला नखाएवढी फट, तेवढ्यातूनच काय तो गॅस जात होता. बाकीचा मागं फिरून नॉबशी पेटत होता.

कुंभारीण. ती बारीक कमरेची माशी, चिखलाचे गोळे आणून घर बांधते ती. आमच्याकडं म्हणतात, कुंभारणीनं घर केलं की त्या घरात पाळणा हलतो. आणि ते घर मोडायचं नसतं.

मी माती बघितली, मग नळीच्या तोंडाशी सुकलेलं कुंकू बघितलं. तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, ती जाताना मला वाटेत प्रत्येक ठिकाणी कळली.

"आत्या," मी विचारलं, "दसऱ्याला तुमी कुंकू कुणाला लावलं?"

त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली. खोटं त्यांना बोलता येत नाही, हे मी त्यांच्याबद्दल आजही म्हणेन.

"कुंभारणीला," त्या म्हणाल्या. "मोडू नगं बाई. सा वरसांनी आलीया ती आपल्या दारात."

म्हणजे मी जिला हात जोडले होते ती पूजा माशीची होती. माझं काम तेव्हाही थेरच होतं. मी काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. जाळ माझ्या बोटांशी येत होता आणि तुम्ही शेंगा फोडत होता, एवढं नक्की म्हटलं. आणि बोलता बोलता माझ्या लक्षात आलं की साईराजच्या हातातली बॅटरी जराही हललेली नाही. ज्याला नवल वाटतं तो माणूस वाकून बघतो. त्यानं वाकून बघितलं नव्हतं.

"तुला म्हाईत हुतं," मी म्हटलं. लग्न झाल्यापासून मी त्याला पहिल्यांदाच अरे-तुरे केलं.

त्यानं मान खाली घातली. आईनं दसऱ्यालाच दाखवलं होतं, म्हणाला, आणि सुनेला सांगू नको म्हणाली होती.

"मग तू गप बसलास? तू?"

"मला वाटलं," तो म्हणाला, "असंल बी."

आता हे सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आम्ही सांगलीला डॉक्टरकडं गेलो होतो. डॉक्टरनी दोघांना समोर बसवून सांगितलं होतं की दोष माझ्यात नाही, साईराजमध्ये आहे, उपचार आहेत, धीर धरा. परत येताना एसटीत त्यानं माझा हात धरला आणि म्हणाला, आईला सांगू नको. मी नाही सांगितलं. तेव्हापासून उपास मी केले. नवसाचे नारळ मी फोडले. कुणाकुणाच्या अंगाऱ्याच्या पुड्या मी पाण्यातून घेतल्या. हळदीकुंकवाला बायका माझ्या ओटीकडं बघून आत्यांना हळूच विचारायच्या, ते मी ऐकून घेतलं. सगळा राग गिळला आणि तो सिलिंडरवर, भाजीवाल्यावर, फोनवरच्या पोरींवर काढला. लोक म्हणतात, हिला राग लवकर येतो. लवकर कुठला. दोन वर्षं साठलेला होता.

आणि ज्याच्यासाठी गप्प राहिले, तो माझी बोटं भाजत असताना बॅटरी धरून उभा होता, कारण न जाणो, माशी खरी ठरली तर डॉक्टर खोटा ठरेल.

भिंतीला सायकलची जुनी तार टांगलेली होती. मी ती काढली. आत्या उठल्या आणि हात पसरून मध्ये आल्या. मी त्यांना ढकललं नाही. तार साईराजपुढं धरली.

"मी न्हाई मोडणार," मी म्हटलं. "मी मोडलं तर जन्मभर माझ्याच नावानं बोंब व्हईल. तू मोड. आन् का मोडतोस ते आईला सांगून मोड. न्हाईतर उद्या मी कार्यालयात जात न्हाई, माधवनगरला जाते."

आत्या एकदा त्याच्याकडं बघायच्या, एकदा माझ्याकडं. दादासोंची लग्नं, माझा काउंटर, सगळं त्या तारेच्या टोकाला लोंबत होतं आणि मी हात मागं घेतला नाही.

शेवटी त्यानं तार घेतली.

"आई, दोष माज्यात हाय," तो म्हणाला. "डॉक्टरनी सांगितलंय. हिच्यात काय बी न्हाई."

"कवा सांगितलं?"

"दोन वरसं झाली."

आणि त्यानं तार नळीत घातली. माती कोरडी होती, खडाखडा निघाली आणि फरशीवर पडली. आत पिल्लू नव्हतं. ते भोक पाडून कधीच उडून गेलेलं. उरल्या होत्या कुंभारणीनं पिल्लाला खायला आणून ठेवलेल्या कोळ्यांच्या वाळक्या तंगड्या. आम्ही तिघं महिनाभर त्या रिकाम्या घराची राखण करत होतो, त्यातले दोघं जाणून आणि मी न जाणता.

आत्यांनी मातीकडं बघितलं. मग दोन पावलं पुढं येऊन एवढ्या मोठ्या लेकाच्या पाठीत धपाटा घातला.

"दोन वरसं," त्या म्हणाल्या, "मी हिला अनवाणी देवाला चालवली." आणि आत निघून गेल्या.

मी नळी धुतली, वाळवली, बर्नर बसवला. दोन वेळा साबणाचं पाणी लावलं. साईराज मदतीला आला तर त्याला बाजूला हो म्हटलं. नॉब हळू फिरवला, बटण दाबलं. पहिल्याच ठिणगीला बर्नर या टोकापासून त्या टोकापर्यंत निळा पेटला. काउंटर उद्या लागणार होता. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही असेल कुठंतरी, पण तो रागाच्या इतका खाली होता की हाताला लागला नाही.

तेवढ्यात आत्या आतून हळदीकुंकवाचा करंडा घेऊन आल्या. डोळे लाल होते. माझ्याशी न बोलता त्यांनी ग्रिलच्या मधोमध, नॉबच्या वर, सगळ्यांना दिसेल अशा जागी हळद लावली, कुंकू लावलं. पत्रा तापत आला होता, बोट चटकलं असणार, पण त्यांनी ते मागं घेतलं नाही.

"ह्ये शेगडीला लावलंय," त्या म्हणाल्या. "आता काढ फोटू."

मोबाईल माझ्या खिशातच होता. मी काढला नाही. ग्रिल तापलं होतं आणि मीही अजून तापलेलीच होते. मी नॉब बंद केले, सिलिंडर बंद केला आणि म्हटलं, उद्या कार्यालयात या, दीडशे माणसांसमोर लावा, तिथं काढते.

"येते," आत्या म्हणाल्या.