लिलीची पानं

बाई नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. शाळेत विज्ञान शिकवायच्या आणि घरीदारी लोकांच्या चुका काढायच्या. दुसऱ्या कामाला पगार नव्हता, पण हौसेला मोल नसतं म्हणतात.

बाईंची आई गेल्यावर बाबा तिच्या लिलीच्या कुंड्या घेऊन लेकीकडे राहायला आले. आता त्यांना एकच आस होती, डोळे मिटायच्या आत ते लाल फूल पुन्हा एकदा बघायचं. पहिल्या वर्षी लिली भरभरून फुलली, पुढच्या वर्षी एकच फूल आलं, आणि यंदा नुसती पानं!

"मातीच भिकार," बाई म्हणाल्या. मग कुंडीवाल्याची अक्कल काढली, मग वरच्या मजल्यावरच्या शेजारणीची, तिच्या चादरी ऊन अडवतात म्हणून. खापर फोडायला डोकी पुरेनात. फुलं सुकली रे सुकली की पानं बुडापासून छाटायची, ही बाईंची शिस्त. असला लोळता पसारा त्यांच्या गॅलरीत चालायचा नाही.

"तुझी आई राहू द्यायची पानं," बाबा एकदा हळूच म्हणाले.

"आईला कुठे विज्ञान येत होतं!"

झालं, बाबा कुंड्यांना पाणी घालायला उठले.

एके दिवशी बाई कुंडीतला एक कंद उपटून वर्गात घेऊन गेल्या. "पान उन्हात साखर बनवतं. झाड तिचं पिष्ट करून कंदात साठवतं, आणि त्याच शिदोरीवर पुढच्या वर्षी फूल येतं. शिरलं का डोक्यात, ठोंब्यांनो? आता बघा, आयोडीन टाकलं की कंद काळानिळा होईल."

कंद कापला, थेंब टाकला. थेंब पिवळट तो पिवळटच. बाटली शिळी असेल म्हणून कुणाच्या तरी डब्यातल्या पावावर टाकून पाहिला, तर पाव लगेच काळानिळा.

"मग शिदोरी कुणी खाल्ली, बाई?" मागच्या बाकावरून आवाज आला, आणि वर्ग फिदीफिदी हसला.

बाईंना आपली गॅलरी आठवली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! पान म्हणजे झाडाचं स्वयंपाकघर, असं जन्मभर पोरांकडून घोकून घेतलं, आणि घरी दरवर्षी तेच स्वयंपाकघर छाटून कचऱ्यात टाकलं. पण यंदा फूलच न आल्यानं उरलेल्या कुंड्यांतली पानं अजून शाबूत, हिरवी होती. ती तशीच राहिली तर कंद भरतील. शाळा सुटताच बाई धापा टाकत घरी आल्या.

गॅलरी लख्ख होती. बाबा कात्री पुसत बसले होते.

"म्हटलं, यंदा फूल काही येत नाही, आणि पसारा बघून तू चिडशील. तुझ्यासारखीच बुडापासून कापली बघ. बरोबर कापली ना?"

"बरोबर कापलीत, बाबा."

"मग पुढच्या वर्षी येईल ना गं फूल?"

बाई खाली वाकल्या आणि पानं गोळा करायला लागल्या.

"येईल," त्या म्हणाल्या.