दगडावरून येताना

देदे मावशीने माकूच्या पायांवरचे यंत्राचे आधार, त्यांचे चाप उघडून, काढले आणि खुंटीला अडकवले. देवाच्या दगडापाशी लोखंड चालत नाही. अंगावर मणी, कापड आणि पांढरी माती, बस्स.

"अजून सांगते, मी उचलून नेते," मावशी म्हणाली. "कुणी हसणार नाही."

"तेकी हसेल."

"मी तर आत्ताच हसतेय," तेकी दारातून म्हणाली. मावशीची ही मुलगी गेल्या वर्षी दिपो, म्हणजे मुलींना बाई करून घ्यायचा दगडापाशी होणारा विधी, होऊन बाई झाली होती आणि तेव्हापासून तिची जीभ भलतीच सुटली होती. "कमरेला एवढे मणी कशाला? काढ की चार माळा."

"आईचे आहेत. राहू देत."

माकू चंद्रावर जन्मली होती. तिची आई तिथल्या वसाहतीत काच ओतायच्या कामाला होती. तिथे माकू उड्या मारत शाळेत जायची. इथे पृथ्वीवर, आईच्या माहेरी क्रोबोत उतरल्यापासून मात्र तिला स्वतःचं अंगच ओझं झालं होतं. महिनाभर तिला कुणी ना कुणी उचलून नेत होतं, न्हाणीत, जेवायला, बाजारातसुद्धा. शेजारच्या पोरी तिला मावशीचं तान्हं म्हणायच्या. तान्ह्याला कोण बाई म्हणणार? म्हणून तिने ठरवलं होतं, दगडापर्यंत आपल्या पायांनी जायचं आणि आपल्याच पायांनी परत यायचं.

"तिथे होतं काय नक्की?" तिने विचारलं.

"ते बाहेर बोलत नाहीत," तेकी म्हणाली. मग डोळे मोठे करून, "एवढंच सांगते, दगड जिला धरून ठेवतो ना, तिच्या घराण्याची पुरती शोभा होते."

"गप ग, भवाने!" मावशी खेकसली.

विधीला जमलेल्या मुलींच्या ओळीत पुजारीणबाईंनी माकूला पहिलं ठेवलं. तिला उभं राहायला लागू नये म्हणून. माकूला त्याचाही राग आला. मग सगळ्या मुलींच्या ओठांत एकेक पान दिलं. घरी पोचेपर्यंत आता शब्द काढायचा नाही. हातात काठी तर प्रत्येकीच्याच होती, तेवढ्यापुरती ती चारचौघींसारखी दिसत होती. ढोल वाजायला लागले. वाळूच्या वाटेवर तिचे गुडघे लटपटत होते, आईचे मणी तिला खाली ओढत होते, एकदा तर ती काठीवर ओणवी होऊन नुसतीच श्वास घेत राहिली. पण पोचली.

कुंपणाच्या आत दोघी म्हाताऱ्यांनी तिला दगडावर टेकवलं आणि उचललं. पुन्हा टेकवलं, उचललं. तिसऱ्यांदा टेकवून त्यांनी हात काढून घेतले.

माकूने काठीवर भार देऊन उठायचा प्रयत्न केला. पाय हलले नाहीत. तिने पुन्हा जोर लावला. काठी वाळूत रुतली आणि ती आहे तिथेच बसून राहिली. ढोल थांबले होते. तिला तेकीचं बोलणं आठवलं. आता सगळं गाव म्हणणार, हिला दगडाने धरलं. वर आईला काय तोंड दाखवायचं? हाक मारावी तर ओठांत पान. तिच्या गालांवरच्या पांढऱ्या मातीत पाण्याचे ओघळ उतरले.

तेवढ्यात मावशी पुढे आली आणि तिच्याकडे पाठ करून उकिडवी बसली. माकूने जोरजोरात मान हलवली. नाही.

"बस ग पोरी," पुजारीणबाई म्हणाल्या. "दगडावरून कुणी चालत जातं का?"

महिनाभर कंबरेच्या नावाने कण्हणारी मावशी तिला पाठीवर घेऊन चक्क पळत सुटली. दोन्ही बाजूंनी बायका ओरडत होत्या, टाळ्या पिटत होत्या. माकूने मागे वळून पाहिलं. शेतकऱ्याची एक दणकट मुलगी तिच्या आत्याच्या पाठीवरून येत होती आणि आत्याची जीभ बाहेर आली होती. तिच्यामागे आणखी एक पाठ, त्यामागे आणखी एक.

"अगं, हिला वजन आहे की नाही!" मावशी ओरडली. "तेकीच्या वेळी माझी कंबर बोलली होती."

अंगणात पान काढल्याबरोबर माकू हसत सुटली. तिला थांबताच येईना.

संध्याकाळी पडद्यावर आई आली.

"तुला ठाऊक होतं!" माकू म्हणाली.

चंद्रावर आवाज पोचेपर्यंत आई नुसतीच बघत होती. मग तिला हसू फुटलं.

"सांगायचं नसतं ते. मला आजीने आणलं होतं. मी तर ठणठणीत होते, तरी पाठीवरूनच."

चुलीवर कोनफळ उकडत होतं आणि अंगणात जेवायला हाका चालल्या होत्या. यंत्राचे आधार हाताशीच खुंटीला लटकत होते. माकूने त्यांच्याकडे पाहिलं आणि दाराकडे तोंड करून हाक मारली,

"तेकी, ये इकडे. पाठ दे."

तेकीने कुरकुरत पाठ वाकवली.