पाचवा चौकोन

साहेबांनी “बाई, बसा” म्हणून खुर्ची पुढे केली, तेव्हाच तिच्या मनात पाल चुकचुकली. सहा वर्षं ती या कंपनीत औषधांच्या बाटल्यांवरची लेबलं तपासत होती. बस म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

कंपनी अवाढव्य. मुख्य कचेरीनं हे साहेब धाडले होते, व्यवस्थापनाचं कुठलंसं पुस्तक बरोबर देऊन. अडचण दिसली की पाच वेळा ‘का’ विचारायचं, पाचव्याला मूळ हाती लागतं, ही त्यांची पद्धत. बायकांनी त्यांचं नावच का-साहेब पाडलं होतं.

“जपून गं,” शेजारच्या स्टुलावरची मावशी सकाळीच कुजबुजली होती. “पॅकिंगच्या आबांना असंच गोडगोड विचारलं. आठवड्यात आबा गोदामात.”

गोदाम गावाबाहेर. जायला दीड तास, यायला दीड तास, आणि तिथे आडोशाला खोलीही नाही. घरी पाच महिन्यांची लेक.

साहेबांनी कागद ओढला. एकाखाली एक पाच चौकोन.

“तुमची लाईन रोज अकराला वीस मिनिटं थांबते. का?”

“मी जागेवर नसते.”

“का?”

“प्रथमोपचाराच्या खोलीत जाते.”

“का?”

“दूध काढायला. संध्याकाळी घरी नेते, दुसऱ्या दिवशी सासूबाई पाजतात.” साहेबांचं पेन थबकलं, तशी ती म्हणाली, “नाही काढलं तर छातीचा दगड होतो, साहेब. पुस्तकात नसेल ते.”

साहेबांचे कान लाल झाले. “असू दे, असू दे. मूळ सापडलं.” त्यांनी तिसरा चौकोन भरला आणि घाईघाईनं खाली ‘उपाय’समोर लिहायला घेतलं. दिवसभर उलट्यासुलट्या बाटल्या वाचणारे तिचे डोळे. समोरून उलटा दिसणारा ‘गोदा’ तिनं पुरा व्हायच्या आत वाचला.

“दोन चौकोन राहिले,” ती म्हणाली.

“गरज नाही त्यांची.”

“अर्धं लेबल मी पुढे सोडत नाही. आणि साहेब, तुम्ही भलत्याच ‘का’च्या मागे लागलात. मी का जाते ते विचारलंत. लाईन का थांबते ते विचारा की.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “बरं. का थांबते?”

“माझ्या जागी बसायला कुणी नाही. पूर्वी बदली बाई होती. चहाला, औषधाला कुणीही उठलं की ती बसायची. मागच्या वर्षी तिला काढलं.”

“का?”

“ते तुम्हीच सांगा. तुमच्या कचेरीचा कागद होता. रिकामी माणसं कमी करा, असा.”

 साहेबांनी चौथा चौकोन भरला, मग पाचवा, ‘गोदा’वर काट मारली आणि कागद सहीसाठी सरकवला. तिनं अक्षर न् अक्षर वाचलं, मगच सही केली.

दोन दिवसांनी अकराला एक मुलगी तिच्या स्टुलाशी येऊन उभी राहिली. “ताई, तुमच्या जागी बसायला पाठवलंय.”

“किती दिवसांसाठी?”

“ते नाही सांगितलं.”

“माझं काम शिकून घे, असं म्हणाले का?”

“तसं... बघून ठेव म्हणाले.”

मावशीनं तिच्याकडे पाहिलं. ती उठून प्रथमोपचाराच्या खोलीत गेली. दार तिनं बोटभर उघडं ठेवलं. लाईन चालू असल्याचं ऐकू येत होतं. लेकीचा चेहरा डोळ्यांपुढे आणल्याशिवाय तिला दूध यायचं नाही. आज तो यायला फार वेळ लागला.